वाचकांचे प्रश्न : व्हिक्टर घरच्या पत्रांना उत्तर का देत नाही?

मागच्या अंकात मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीविषयी, म्हणजे निर्जीव देहात जीव घालणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या आणि त्यानं घडवून टाकून दिलेल्या प्राण्याच्या गोष्टीविषयी, मी दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्या दोघींना जरा सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण त्यांचे प्रश्न वेगळे दिसले तरी एकाच ठिकाणी येऊन भिडतात.

प्रश्न : बाई, मी आर्ट्स फॅकल्टीत एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘झपाटलेपणातून एकटेपणा कसा येतो’ हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून गाईडमधलं उत्तर पाठ केलं. मग सुट्टीत कादंबरी वाचायला घेतली आणि गोंधळले. तो प्राणी तर आधी एकटा पडतो आणि मग सूडाला पेटतो. व्हिक्टरही प्रयोग संपल्यावर जास्तच एकटा वाटतो. मग गाईड चुकीचं आहे का? पेपरात काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, सयाजीगंज

उत्तर : जे वाचताना दिसलं तेच लिही. गाईडचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या वाक्यावर अख्खी कादंबरी टांगली की ती लंगडी पडते.

आधी खरा अर्धा भाग बघू. व्हिक्टर हा जिनिव्हाच्या खात्यापित्या, मायाळू घरातला मुलगा. सतराव्या वर्षी शिकायला इंगोलस्टाटला निघतो. निघायच्या तोंडावर आई स्कार्लेट फिव्हरनं जाते. घरातच वाढलेल्या आणि पुढे व्हिक्टरची बायको होणाऱ्या एलिझाबेथची शुश्रूषा करताना आईला तो ताप लागलेला असतो. पुढे हा मुलगा निर्जीव देहात जीव घालण्याच्या मागे लागतो. त्याची खोली तू नीट बघितलीस का? घराच्या अगदी वरच्या टोकाला, बाकीच्या खोल्यांपासून एका सज्जानं आणि जिन्यानं तोडलेली. तो स्वतःच तिला कोठडी म्हणतो. जवळजवळ दोन वर्षं तो तिथे खपतो. बाहेर वसंत येतो, उन्हाळा येतो, झाडं बहरतात, आणि एरवी ज्या गोष्टींनी त्याचा जीव हरखायचा त्यांच्याकडे त्याचं लक्षही जात नाही. शेवटी शेवटी पान गळलं तरी तो दचकतो, माणूस दिसला की गुन्हेगारासारखा तोंड चुकवतो.

इथवर गाईड बरोबर आहे. पण याच पानांवर मेरी शेलीनं एक बारीक गोष्ट ठेवली आहे, ती गाईडवाल्यांच्या हाती लागलेली नाही. व्हिक्टर घरी पत्र लिहायचं सोडतो. वडिलांनी त्याला बजावलेलं असतं की, तू स्वतःवर खूश असशील तोवर आमची आठवण काढशील आणि पत्रं येत राहतील. ती थांबली तर तुझी बाकीची कर्तव्यंही सुटली असं मी धरून चालेन. व्हिक्टरला हे शब्द न् शब्द आठवत असतात. वडिलांना काय वाटत असेल तेही कळत असतं. तरी लेखणी उचलली जात नाही. कारण तो मनाशी ठरवून बसला आहे की मायेचं, प्रेमाचं जे काही आहे ते सगळं हे मोठं काम पार पडेपर्यंत पुढे ढकलायचं. घरच्यांवरचं त्याचं प्रेम आटलेलं नाही. ते त्यानं तारीख न घालता पुढे ढकललं आहे. अख्ख्या कादंबरीत मला सगळ्यात जास्त भीती या जागेची वाटते, प्राणी जिवंत होतो त्या नोव्हेंबरच्या रात्रीच्या मिणमिणत्या मेणबत्तीची आणि उघडलेल्या पिवळट डोळ्याचीही तेवढी वाटत नाही.

आता तुझी शंका. तो डोळा उघडतो तिथे व्हिक्टरचं निर्मितीचं वेड संपतं. १८३१च्या आवृत्तीत हे पाचवं प्रकरण, आणि प्रकरणं एकूण चोवीस. झपाटलेपणामुळेच तो एकटा असता तर इथून पुढे त्यानं माणसांत परतायला हवं होतं. तशी संधीही दाराशी येते. दुसऱ्याच दिवशी सकाळी जिवलग मित्र हेन्री क्लर्वल गावात उतरतो. व्हिक्टर आजारी पडतो, कित्येक महिने अंथरुणाला खिळतो, आणि हेन्री स्वतःचं शिक्षण बाजूला ठेवून त्याच्या उशाशी बसतो. व्हिक्टर बरा होऊ लागल्यावर हेन्री म्हणतो, एका विषयावर बोलायचं आहे. व्हिक्टरला धडकी भरते, याला कळलं की काय! हेन्रीचं मागणं एवढंच असतं की घरी स्वतःच्या अक्षरात एक पत्र लिही.

त्या क्षणी व्हिक्टर सगळं सांगू शकला असता. तो सांगत नाही. पुढे धाकट्या भावाचा, विल्यमचा खून होतो, घरात कामाला असलेल्या निरपराध जस्टिनवर आळ येतो. खरा खुनी आपण घडवलेला प्राणीच, हे व्हिक्टर ताडतो आणि तरी गप्प बसतो, कारण लोक आपल्याला वेडा ठरवतील. जस्टिन फासावर जाते. वडील, एलिझाबेथ, हेन्री ही सगळी प्रेमाची माणसं त्याच्या अवतीभवती आहेत आणि त्यातल्या एकालाही त्याच्या मनातलं ठाऊक नाही. एलिझाबेथला तर तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळं सांगण्याचं वचन देतो. तो दिवस तिच्या वाट्याला येत नाही. शेवटी तो बोलतो तेव्हा वडिलांना ते वातातलं बरळणं वाटतं आणि न्यायाधीश भ्रमिष्ट समजून त्याची समजूत काढू लागतो. तेव्हा तुझ्या पेपरात असं लिही : वेडानं व्हिक्टरला खोलीत नेलं, पण तिथे कोंडून ठेवलं ते त्याच्या लपवाछपवीनं.

त्या प्राण्याच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे हे तू अगदी बरोबर हेरलंस. त्याला जन्मतः कसलंच वेड नाही. डी लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो दडून राहतो. फटीतून त्यांना बघत बोलायला, मग वाचायला शिकतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं फोडून दारात रचून ठेवतो, आणि त्या भाबड्या माणसांना ही कुणा चांगल्या आत्म्याची करणी वाटते. सगळं धैर्य गोळा करून तो घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा आपुलकीनं ऐकतोही. तेवढ्यात मुलगा फेलिक्स येतो आणि काठीनं बडवून त्याला हाकलतो. पुढे हा प्राणी बुडणाऱ्या मुलीला वाचवतो, तर त्याच्यावर गोळी झाडली जाते. मी दुष्ट आहे कारण मी दुःखी आहे, असं तो व्हिक्टरला सांगतो. माझ्यासारखीच एक सोबतीण दे, आम्ही दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाऊ, एवढंच त्याचं मागणं. व्हिक्टर कबूल होतो, ऑर्कनीच्या एका उजाड बेटावर काम सुरूही करतो आणि अर्धवट झालेला देह त्याच्यासमोर फाडून टाकतो. त्या प्राण्याचं वेड तिथून सुरू होतं, आणि त्याच्यामागे माणसांनी दिलेला सगळा एकटेपणा उभा आहे.

शेवटचा पाठलाग उत्तराला जोड म्हणून वापर. त्या प्राण्याच्या हातून हेन्री गेला, एलिझाबेथ गेली, त्या धक्क्यानं वडील गेले. आता व्हिक्टरला दुसरं वेड लागतं ते सूडाचं, आणि तो उत्तरेच्या बर्फाकडे त्या प्राण्याचा माग काढत निघतो. तो प्राणी झाडांच्या सालींवर, दगडांवर खुणा कोरून ठेवतो, म्हणजे व्हिक्टरची वाट चुकू नये. एकदा तर त्याच्यासाठी मेलेला ससा टाकून ठेवतो : खा आणि ताकद आण. ज्या दोघांना जगात दुसरं कुणी उरलेलं नाही ते एकमेकांचे शेवटचे सोबती झाले आहेत. व्हिक्टरला सुख मिळतं ते झोपेत, कारण तिथे मेलेली माणसं भेटतात.

आणि ज्याच्या पत्रांतून ही सगळी गोष्ट आपल्याला कळते त्या वॉल्टनला विसरू नकोस. परीक्षेत निम्मी मुलं त्याला ‘फ्रेम’ म्हणून एका ओळीत उरकतात. तो उत्तर ध्रुवाकडे निघालेला दर्यावर्दी, महत्त्वाकांक्षेत व्हिक्टरला तसूभरही कमी नाही. दुसऱ्याच पत्रात तो बहिणीला लिहितो की मला एकही मित्र नाही. जहाज बर्फात अडकतं, डाकेची सोय नाही, पत्र पोचेल की नाही देव जाणे. तरी तो मार्गारेटला लिहीत राहतो. आपण परतलो नाही तर ती किती वर्षं वाट बघेल, हे त्याच्या मनात येतं. खलाशी मागे फिरायची मागणी करतात, पाठलाग करता करता याच जहाजावर आश्रयाला आलेला मरणासन्न व्हिक्टर उठून त्यांना कच्च्या दिलाचे म्हणून सुनावतो, आणि वॉल्टन खलाशांचं ऐकतो. त्याला ते फार जड जातं, तो तसं लिहितोही. पण तो परततो. एकाच ध्यासाची दोन माणसं मेरीनं एका जहाजावर आणली, त्यातला एक घरी पत्र लिहीत होता.

प्रश्न : ताई, मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवला म्हणून मागचा लेख ऐकला आणि रात्री झोप आली नाही. माझा मुलगा तीन वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. वरच्या मजल्यावरच्या खोलीत असतो, ताट वर पाठवावं लागतं. नवरात्रात खाली सोसायटीत गरबा चालू होता, पूर्वी हा पहिल्या फेरीत असायचा, तर यानं खिडकी लावून घेतली. आजीशीही बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, एकदा निकाल लागू दे, मग सगळं. जिद्दीनं अभ्यास करणारी सगळी मुलं त्या व्हिक्टरच्या वाटेनं जातात का?
— एक आई, कारेलीबाग

उत्तर : नाही, ताई. हे आधी मनातून काढून टाका. जीव ओतून काम करणाऱ्या माणसाला दार लावून घ्यावं लागतं. मेरीनंही ही कादंबरी घरात तान्हं मूल असताना लिहिली, तिलाही काही तास कुणी हाक मारू नये असं वाटलंच असेल. एकट्यानं बसून अभ्यास करणं हा काही रोग नव्हे.

पण तुमच्या पत्रातलं ‘एकदा निकाल लागू दे, मग सगळं’ हे वाक्य वाचून मी थबकले. वरच्या उत्तरात लिहिलं आहे तेच हे, प्रेमाला पुढची तारीख देणं. व्हिक्टरनं दिलेली तारीख कधी आलीच नाही, कारण काम संपलं त्या दिवशी तो बोलण्याच्या स्थितीत उरला नव्हता. तुमच्या मुलाचा निकाल चांगला लागो. पण आजीशी बोलणं त्या निकालाला बांधून ठेवू नये.

कादंबरीतला एक भला माणूस इथे उपयोगी पडेल. हेन्री क्लर्वल व्हिक्टरला खोदून खोदून विचारत नाही, काय करत होतास, किती झालं, पुढे काय. तो उशाशी बसतो, ऋतू बदलल्यावर त्याला बाहेर फिरायला नेतो, आणि एकच लहानशी गोष्ट मागतो. तुम्हीही अभ्यासाचा विषय काही दिवस काढू नका. ताट वर पाठवू नका. रागानं नव्हे, सरळ सांगा की रात्रीचं जेवण आपण खाली एकत्र जेवायचं, अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात परीक्षेचं नाव निघणार नाही. हे सगळ्या घरानं पाळायचं, वडिलांनीसुद्धा. जेवणाच्या टेबलावर रोज कट-ऑफचा हिशेब निघणार असेल तर कोणता मुलगा खाली येईल? मग आजीसाठी एक काम सांगा. तिला मांडवीपर्यंत नेऊन आण, तिची गोळी आण, काहीही. ज्यात तो उमेदवार नसून नातू असेल असं काहीतरी.

दुसरी गोष्ट लपवण्याची. तीन वर्षं झाली म्हणता. कधीकधी मुलं एखाद्या प्रयत्नात पूर्वपरीक्षाच निघाली नाही हे घरी सांगत नाहीत, आणि मग त्या एका न सांगितलेल्या गोष्टीमुळे रोज तोंड चुकवत राहतात. असं असेलच असं नाही. पण ‘तू नापास झालास तरी या घरात तुझी जागा तीच आहे’ हे वाक्य तुम्ही त्याला शब्दांत, मोठ्यानं सांगितलंय का? आपल्या घरांत हे गृहीत धरलं जातं. गृहीत धरलेलं मुलांना ऐकू येत नाही. व्हिक्टरचे वडील प्रेमळ होते, पण पोरानं लहानपणी जुन्या किमयागारांचं पुस्तक दाखवलं तेव्हा ‘असल्या रद्दीत वेळ घालवू नको’ म्हणून मोकळे झाले. त्यांनी नीट समजावलं असतं तर मी नक्कीच ते बाजूला ठेवलं असतं, असं व्हिक्टर पुढे म्हणतो. त्याच्या त्या म्हणण्यावर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, तो बऱ्याचदा दोष दुसऱ्यावर ढकलतो. तरी आईवडिलांनी लक्षात ठेवावी अशी ती जागा आहे.

आणि ताई, मी साहित्य शिकवलेली बाई आहे, डॉक्टर नाही. त्याची झोप उडाली असेल, जेवण सुटत चाललं असेल, जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं तो काही बोलला असेल, तर माझ्या उत्तरावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालेल.

प्रश्न : अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढा एकटेपणा कुठून कळला? काही जण म्हणतात की खरं पुस्तक तिच्या नवऱ्यानं लिहिलं.
— एक निवृत्त अभियंता, रावपुरा

उत्तर : नवऱ्यानं लिहिलेलं नाही. मेरीच्या हातची हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. पर्सी शेलीनं त्यांवर शब्द बदलले, काही वाक्यं जोडली, १८१८ची प्रस्तावनाही त्यानंच लिहिली. पहिली आवृत्ती निनावी निघाल्यामुळे हा समज पसरला. गोष्ट, रचना आणि त्यातलं दुःख मेरीचं आहे.

एकटेपणा कुठून कळला म्हणता? ती ३० ऑगस्ट १७९७ला जन्मली आणि १० सप्टेंबरला तिची आई, मेरी वोलस्टनक्राफ्ट, बाळंतरोगानं गेली. १८१४मध्ये ती पर्सीबरोबर पळून गेली, तेव्हा वडील विल्यम गॉडविन यांनी तिचं तोंड पाहायचं सोडलं. १८१६च्या डिसेंबरात लग्न लागल्यावरच ते निवळले. मधल्या काळात, १८१५च्या सुरुवातीला, तिची पहिली मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि काही दिवसांत गेली. त्या मार्चमध्ये तिनं रोजनिशीत एक स्वप्न टिपलं आहे : बाळ पुन्हा जिवंत झालं, ते नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीपुढे चोळलं आणि ते जगलं. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या तळ्याकाठी, तांबोरा ज्वालामुखीमुळे बिघडलेल्या त्या पावसाळी उन्हाळ्यात, कवी बायरननं सगळ्यांना भुताची गोष्ट लिहायला सांगितली आणि हिनं मेलेल्यात जीव घालणाऱ्याची गोष्ट लिहिली. जन्म देणाऱ्यानं तोंड फिरवलं की काय होतं हे लिहायला तिला पुस्तकं धुंडाळावी लागली नसतील. तरी पुस्तक तिनं अर्पण केलं ते वडिलांनाच.

प्रश्न : फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव ना? आणि बाजारात दोन आवृत्त्या दिसतात, कुठली घ्यावी?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचं आडनाव. त्या प्राण्याला कादंबरीभर नाव नाही, कुणी ठेवलंच नाही.

आवृत्ती १८१८ची घ्या. १८३१मध्ये मेरीनं बरंच बदललं. एलिझाबेथ आधी व्हिक्टरची आतेबहीण होती, ती नंतर दत्तक घेतलेली अनाथ मुलगी झाली. शिवाय व्हिक्टर नशिबाचं नाव जास्त घेऊ लागला. तोवर मेरीची आणखी दोन मुलं आणि नवरा गेले होते. तिला नशीब मोठं वाटू लागलं असेल तर मी तिला बोल लावणार नाही. पण १८१८चा व्हिक्टर जे करतो ते जास्त स्वतःच्या मर्जीनं करतो, आणि या अंकातल्या पहिल्या दोन पत्रांसाठी तोच व्हिक्टर जास्त कामाचा आहे. फक्त मेरीनं १८३१ला लिहिलेलं मनोगत सोडू नका. १८१८च्या बऱ्याच नव्या छापील प्रतींत ते परिशिष्ट म्हणून असतं, घेण्याआधी अनुक्रमणिकेत बघून घ्या.